‘केस ठीक चालली आहे’: थेरपिस्टची पर्यवेक्षक होतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्राच्या द्राक्षपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावी धर्मादाय संस्थेचे रुग्णालय आहे. त्याच्या मानसिक आरोग्य विभागात पाच थेरपिस्ट काम करतात, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस जिल्ह्याहून येतात, आणि उरलेल्या दिवसांत जे काही समोर येईल ते या पाच जणांनाच निभवावे लागते. विभाग ज्यांनी उभा केला ते ज्येष्ठ मानसशास्त्रज्ञ निवृत्त झाल्यावर व्यवस्थापनाने त्यांची जबाबदारी पाचांपैकी एका अनुभवी थेरपिस्टकडे सोपवली. चिकित्सालयीन मानसशास्त्रातील एम.फिल., भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी, आणि नैराश्य व चिंताविकारांवरील कामातून परिसरात मिळवलेला विश्वास एवढे त्यांच्या गाठीशी होते. थेरपिस्ट म्हणून त्या उत्तम होत्या, याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. पर्यवेक्षण, म्हणजे इतर थेरपिस्टांच्या केसेसवर देखरेख ठेवत त्यांना घडवणे, कसे करायचे, हे मात्र त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असेच घडते: जो क्लायंटबरोबर चांगले काम करतो तो थेरपिस्टबरोबरही चांगले काम करील असे गृहीत धरले जाते आणि एका पत्राने माणूस पर्यवेक्षक होतो.

रुग्णालयाने बाहेरच्या एका मानसशास्त्रज्ञाने त्यांना काही काळ सोबत करावी असे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. म्हणजे त्या आपल्या सहकाऱ्यांचे पर्यवेक्षण करीत आणि त्या पर्यवेक्षणाविषयी माझ्याशी बोलत. पुढे जे लिहिले आहे ते त्या बोलण्यांवर आधारित आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, काही ठिकाणी दुसऱ्या प्रकरणांतील तपशील मिसळले आहेत, त्यामुळे हे कोणा एका व्यक्तीचे जसेच्या तसे चित्र नाही. सोयीसाठी त्यांना पर्यवेक्षिका, ज्याच्याभोवती हे प्रकरण फिरते त्याला कनिष्ठ थेरपिस्ट, आणि ज्याच्यावर उपचार सुरू होते त्याला क्लायंट असे म्हटले आहे.

पदभार घेतल्यापासून पर्यवेक्षिकेने दर आठवड्याला सर्वांची एक बैठक सुरू केली होती. प्रत्येकाने आपल्या केसबद्दल थोडक्यात सांगायचे, त्यांनी सूचना द्यायच्या, पुढच्याने सुरू करायचे. सूचना नेमक्या असत. कोणत्या विचारावर काम करावे, गृहपाठ काय द्यावा, औषधासाठी केव्हा पाठवावे, हे त्या ऐकता ऐकता सांगू शकत. सहकारी लिहून घेत. बैठक वेळेत संपे. बाहेरून पाहणाऱ्याला विभाग शिस्तीत चालला आहे असेच वाटले असते, आणि पहिल्या काही महिन्यांत मलाही तसे वाटण्याजोगे बरेच काही ऐकायला मिळाले. फक्त एक गोष्ट खटकत होती. त्यांच्याकडून मी क्लायंटांविषयी पुष्कळ ऐकत होतो, थेरपिस्टांविषयी जवळजवळ काहीच नाही.

फाइलमध्ये सापडलेली नोंद

क्लायंट पस्तिशीच्या आतबाहेरचा द्राक्ष बागायतदार होता. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना अवकाळी पाऊस झाला, डावणी हा बुरशीजन्य रोग पसरला, हातातला हंगाम गेला. विकास सोसायटीचे कर्ज, पतसंस्थेचा हप्ता आणि कृषी सेवा केंद्रातली उधारी अशी तिहेरी देणी डोक्यावर होती. झोप उडाली, जेवण तुटले, माणसांत बसणे बंद झाले, तेव्हा बायकोने आग्रह करून त्याला रुग्णालयात आणले. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून औषध सुरू केले आणि थेरपीसाठी त्याला कनिष्ठ थेरपिस्टकडे पाठवले.

कनिष्ठ थेरपिस्ट शिक्षण संपवून नुकताच लागला होता. मेहनती, मितभाषी, स्वतः शेतकरी घरातला. बैठकीत त्याने या केसबद्दल तीन आठवडे जवळजवळ एकच वाक्य सांगितले: "केस ठीक चालली आहे, मॅडम. नियमित येतात." नियमित येणे हे चांगलेच लक्षण असल्यामुळे पर्यवेक्षिकेने त्याला वर्तन-सक्रियतेच्या, म्हणजे क्लायंटची सुटलेली कामे थोडीथोडी पुन्हा सुरू करवण्याच्या, दोन सूचना दिल्या आणि बैठक पुढे सरकली.

महिनाअखेरीस फाइली चाळताना त्यांच्या हाती पीएचक्यू-९ या नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या प्रश्नावलीचे भरलेले कागद आले. या प्रश्नावलीत नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण असतात, आणि नववा प्रश्न मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करावी अशा विचारांविषयी असतो. क्लायंटने आधीच्या कागदावर त्या प्रश्नाला एक आणि नंतरच्या कागदावर दोन गुण दिले होते. कागदावर खाली कनिष्ठ थेरपिस्टच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: मुलाची शपथ घेतली आहे, असे काही करणार नाहीत.

शपथ देऊन वचन घेणे हे आपल्या समाजात इतके स्वाभाविक आहे की ते उपचाराच्या खोलीत शिरले तरी कोणाला वावगे वाटत नाही. पण आत्महत्या न करण्याचे वचन, लेखी करारनाम्याच्या स्वरूपातसुद्धा, माणसाला वाचवते असे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. वचन घेणाऱ्याला मात्र त्यामुळे हायसे वाटते आणि पुढचे प्रश्न विचारायचे राहून जातात. शपथेत आणखी एक धोका असतो. ज्याच्या मनात विचार पुन्हा येतो त्याला आता मुलाच्या शपथेचे ओझेही वाहावे लागते, आणि त्या लाजेपोटी तो पुढच्या खेपेला खरे बोलत नाही.

पर्यवेक्षिकेने मला त्याच दुपारी फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न सरळ होता: "ही केस मी माझ्याकडे घेऊ का?" त्यामागे घाबरणे नव्हते. अशा कित्येक क्लायंटांबरोबर त्यांनी स्वतः काम केले होते आणि हातखंडा असलेल्या कामाकडे हात आपोआप जातो. मी त्यांना विचारले, "ही केस तुम्ही घेतलीत तर याच्याकडे येणाऱ्या पुढच्या अशा माणसाचे कोण बघणार?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पण आज रात्रीचे काय?"

दोन्ही प्रश्न खरे होते, आणि या प्रकरणाचा गाभा या दोन प्रश्नांना वेगवेगळे हाताळण्यात आहे. आज रात्रीचा प्रश्न जिवाचा होता. तिथे पर्यवेक्षकाने पुढे होऊन सूत्रे हाती घ्यायची असतात, थेरपिस्टच्या स्वायत्ततेचा विचार तिथे दुय्यम ठरतो. पुढच्या माणसाचा प्रश्न थेरपिस्टच्या घडणीचा होता. तिथे सूत्रे हाती घेतली तर घडण थांबते. नवा पर्यवेक्षक बहुतेक वेळा या दोहोंत गल्लत करतो: संकट असताना संकोचाने मागे राहतो आणि संकट नसताना सवयीने पुढे होतो.

पहिला दिवस

क्लायंटला दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिलेली होती, ती त्याच संध्याकाळवर आणली. फोन कनिष्ठ थेरपिस्टनेच केला, पर्यवेक्षिका शेजारी बसल्या होत्या. सत्रात त्या उपस्थित राहिल्या, पण खुर्ची जरा बाजूला ठेवून, आणि सुरुवातीलाच आपण का बसलो आहोत हे त्यांनी क्लायंटला सांगितले. विचार किती वेळा येतात, त्यांत पद्धत किंवा वेळ ठरली आहे का, पूर्वी कधी प्रयत्न झाला आहे का, कशामुळे आजवर थांबलात, हे प्रश्न कनिष्ठ थेरपिस्टने विचारले. एका जागी तो अडखळला. आत्महत्या हा शब्द त्याच्या तोंडून निघेना, "तसलं काही" असे तो म्हणू लागला. तेव्हा पर्यवेक्षिकेने तो शब्द स्पष्ट उच्चारून प्रश्न विचारला आणि पुन्हा गप्प बसल्या. क्लायंटने मान वर करून दोघांकडे पाहिले आणि पहिल्यांदा सविस्तर बोलला. स्पष्ट विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. विचारल्याने बहुतेकांना मोकळे झाल्यासारखे वाटते.

मग शपथेच्या जागी सुरक्षा आराखडा आला. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेल्या या आराखड्याच्या सहा पायऱ्या असतात: धोक्याची चाहूल देणाऱ्या खुणा, स्वतःला सावरण्याचे स्वतःजवळचे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसे व जागा, ज्यांच्याकडे मदत मागता येईल असे आप्त, व्यावसायिक मदत, आणि शेवटी घरातले वातावरण सुरक्षित करणे. शेतकरी कुटुंबात या शेवटच्या पायरीला फार महत्त्व असते, कारण फवारणीची औषधे घराला लागून असलेल्या खोलीत असतात. क्लायंटच्या संमतीने बायकोला आणि धाकट्या भावाला आत बोलावले, औषधे त्याच रात्री भावाच्या ताब्यात कुलपात गेली आणि पुढच्या फवारण्या भाऊ करील असे ठरले. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा २४ तास चालणारा क्रमांक तिघांच्या मोबाइलमध्ये भरून घेतला. मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलणे झाले, त्यांनी गोळ्या आठवड्यापुरत्याच द्याव्यात आणि त्या बायकोकडे ठेवाव्यात असे सांगितले.

बायकोच्या मनात वेगळीच धास्ती होती. असले काही दवाखान्यात बोलले तर पोलीस केस होते, असे तिला कोणीतरी सांगितले होते. विचार बोलून दाखवणे हा गुन्हा कधीच नव्हता, आणि आता तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्तीसुद्धा, उलट सिद्ध झाल्याखेरीज, तीव्र तणावाखाली होती असेच मानले जाते. हे पर्यवेक्षिकेने तिला सोप्या शब्दांत समजावले. याच कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि जिवाला धोका टाळण्यासाठी आवश्यक तेवढीच माहिती उघड करण्याची मुभाही ठेवली आहे. या वेळी क्लायंटनेच संमती दिल्यामुळे त्या अपवादाचा आधार घ्यावा लागला नाही. सत्राची नोंद कनिष्ठ थेरपिस्टने लिहिली, पर्यवेक्षिकेने तिच्याखाली आपली सही व वेळ टाकली. केस कनिष्ठ थेरपिस्टकडेच राहिली.

न सांगितलेले

खरे पर्यवेक्षण त्यानंतर सुरू झाले. पर्यवेक्षिकेच्या मनात साहजिकच राग होता. नववा प्रश्न आपल्यापासून का लपवला गेला, हे त्यांना कळत नव्हते, आणि पहिल्या भेटीत त्या त्याला खडसावणार होत्या. आमच्या बोलण्यात मी त्यांना १९९६ मधील निकोलस लडानी व सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील अभ्यासाची आठवण दिली. त्या अभ्यासात जवळजवळ सगळ्याच प्रशिक्षणार्थींनी आपण पर्यवेक्षकापासून काही ना काही लपवले असल्याचे सांगितले होते. कारणांत पर्यवेक्षकाविषयीचा आदर, आपली प्रतिमा जपण्याची धडपड, नाते कमकुवत असणे आणि परिणामांची भीती ही होती. लपवणे ही एका माणसाची खोट मानली की चौकशी सुरू होते. पर्यवेक्षणाच्या नात्यात ते घडणारच असे मानले की कुतूहल सुरू होते. त्यांनी दुसरा मार्ग धरला.

भेटीत त्यांनी विचारले, "ती ओळ लिहिताना तुला काय वाटत होते?" कनिष्ठ थेरपिस्ट बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही केस काढून घ्याल असं वाटलं. आणि मार्चमध्ये माझं काँट्रॅक्ट आहे." त्याची नेमणूक वर्षाच्या करारावर होती आणि मुदतवाढीची शिफारस पर्यवेक्षिकेच्याच सहीने जाणार होती. जिच्यासमोर आपल्या अडचणी उघड कराव्यात अशी अपेक्षा होती तिच्याच हातात त्याची नोकरी होती. आपल्याकडच्या संस्थांत ही रचना इतकी सर्रास आहे की ती रचना म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

भेट संपत आली असताना तो उठता उठता आणखी एक वाक्य बोलला: त्याच्या धाकट्या काकांनी तो अकरावीत असताना असेच जीवन संपवले होते, आणि त्या क्लायंटचा आवाज काकांसारखा आहे.

या वाक्याने पर्यवेक्षिका हलल्या. त्या मुळात थेरपिस्ट. समोरचा माणूस दुःख सांगू लागला की त्या दुःखाकडे जाणे हा त्यांचा धर्म. त्याला बसवून काकांविषयी बोलते करावे असे त्यांना तीव्रतेने वाटले, आणि तसे त्यांनी केले असते तर त्या क्षणापासून तो त्यांचा क्लायंट झाला असता. ही मर्यादारेषा कोठे आखावी हा वाद आपल्या क्षेत्रात फार जुना आहे. १९२० साली बर्लिनमध्ये सुरू झालेल्या मनोविश्लेषण चिकित्सालयात माक्स आयटिंगोन यांनी प्रशिक्षणार्थीच्या पहिल्या केसेस दुसऱ्याच्या देखरेखीखाली चालवण्याची पद्धत बसवली. पुढे बुडापेस्टच्या मंडळींचे म्हणणे पडले की ज्याने प्रशिक्षणार्थीचे स्वतःचे विश्लेषण केले त्यानेच त्याच्या केसवर देखरेख करावी, म्हणजे केसमध्ये जागे झालेले त्याचे स्वतःचे प्रश्न तिथेच हाताळता येतील. व्हिएन्नाच्या मंडळींना दोन्ही कामे वेगळ्या माणसांकडे हवी होती. बुडापेस्टच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पण ज्या विभागात पर्यवेक्षकच वरिष्ठ आहे, वेतनवाढ लिहिणारा आहे, आणि रोज एकत्र डबा खाणाराही आहे, तिथे व्हिएन्नाचाच मार्ग सुरक्षित आहे असे माझे ठाम मत आहे.

पर्यवेक्षिकेने दोन गोष्टी केल्या. काकांविषयी सांगितल्याबद्दल त्यांनी त्याचे मनापासून आभार मानले आणि हे ओझे त्याने स्वतःच्या थेरपीत न्यावे असे सुचवून जिल्ह्याच्या ठिकाणच्या, रुग्णालयाशी संबंध नसलेल्या दोन थेरपिस्टांची नावे दिली. जायचे की नाही, हे त्याच्यावर सोडले. मग पुढच्या भेटीत त्यांनी एवढाच प्रश्न समोर ठेवला: काकांची आठवण आली की या क्लायंटबरोबरच्या सत्रात तू काय करतोस, आणि काय करायचे टाळतोस? हा प्रश्न पर्यवेक्षणाचा आहे. काका कसे होते, हा प्रश्न थेरपीचा आहे.

त्याचे उत्तर बोलण्यातून मिळाले नाही, ध्वनिमुद्रणातून मिळाले. क्लायंटची लेखी संमती घेऊन त्यांनी पुढच्या काही सत्रांचे ध्वनिमुद्रण सुरू केले. नॉर्मन केगन यांनी विकसित केलेल्या पद्धतीप्रमाणे ते दोघांनी एकत्र ऐकायचे आणि थांबवायचे बटण थेरपिस्टच्या हातात ठेवायचे असे ठरले. एका सत्रात क्लायंट म्हणत होता, "भाऊ म्हणतोय बाग काढून टाकू. मग माझं काय उरलं?" त्यावर कनिष्ठ थेरपिस्टने लगेच विचारले होते, "झोप कशी आहे आता?" बटण त्याने स्वतःच दाबले. "मी पळालो," तो म्हणाला. पर्यवेक्षिका काही बोलल्या नाहीत. त्यानेच पुढे सांगितले की त्या वाक्यावर छातीत दाटून आले आणि झोपेचा प्रश्न सुरक्षित वाटला. आधीच्या पद्धतीप्रमाणे त्या क्षणी पर्यवेक्षिकेने योग्य प्रतिसाद काय असायला हवा होता हे सांगितले असते, त्याने ते लिहून घेतले असते, आणि छातीत काय दाटले होते ते कोणालाच कळले नसते.

याच भेटीनंतर पर्यवेक्षिकेच्या लक्षात आले की ज्या गोष्टीबद्दल त्यांना त्याचा राग आला होता तीच साप्ताहिक बैठकीतही घडत होती. क्लायंट बायकोला आणि थेरपिस्टला सांगत होता की मी ठीक आहे. थेरपिस्ट पर्यवेक्षिकेला सांगत होता की केस ठीक आहे. पर्यवेक्षिका व्यवस्थापनाला आणि काही अंशी मला सांगत होत्या की विभाग ठीक चालला आहे. प्रत्येक पायरीवर वरच्या माणसाला आश्वासन हवे होते आणि खालचा माणूस ते पुरवत होता. क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यातले नाते थेरपिस्ट आणि पर्यवेक्षक यांच्या नात्यात उमटते हे हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये दाखवले आणि १९५८ मध्ये एकस्टाइन व वॉलरस्टाइन यांनी त्याची सविस्तर मांडणी केली. आज त्याला समांतर प्रक्रिया म्हणतात. ही संकल्पना फार सैलपणे वापरली जाते आणि प्रत्येक योगायोगाला ती चिकटवणे मला मान्य नाही. येथे मात्र तिचा उपयोग झाला, कारण तिने पर्यवेक्षिकेला एक करता येण्याजोगी गोष्ट दिली: बैठकीतला पहिला प्रश्न बदलणे. "केस कशी चालली आहे?" या प्रश्नाला आश्वासनाखेरीज दुसरे उत्तर सहसा येत नाही. त्याऐवजी त्या विचारू लागल्या, "या आठवड्यात कोणत्या क्लायंटचा विचार घरी गेल्यावरही सुटला नाही?"

पर्यवेक्षिकेची घडण

जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये पर्यवेक्षकाच्या तीन भूमिका सांगितल्या: शिक्षक, समुपदेशक आणि सल्लागार. परीक्षेत या मॉडेलचा तक्ता काढण्यातच बहुतेकांचा त्याच्याशी संबंध संपतो. त्याचा खरा उपयोग आपण कोणत्या भूमिकेत अडकून पडलो आहोत हे ओळखण्यासाठी आहे. ही पर्यवेक्षिका पहिले कित्येक महिने केवळ शिक्षक होती. पहिल्या दिवशीच्या सत्रात ती भूमिका योग्यच होती, कारण धोक्याचे मूल्यमापन हे शिकवायचे कौशल्य आहे आणि अडखळणाऱ्याला ते करून दाखवावे लागते. काकांच्या वाक्यानंतर त्यांनी समुपदेशकाची भूमिका बेताने, केसपुरती घेतली. ध्वनिमुद्रण ऐकताना त्या सल्लागार होत्या. एकाच केसमध्ये, एकाच माणसाबरोबर, तिन्ही भूमिका गरजेप्रमाणे बदलता येणे हीच त्यांच्या घडणीची सर्वांत ठळक खूण मला दिसली.

कनिष्ठ थेरपिस्टच्या बाजूनेही एक गोष्ट त्यांना समजून घ्यावी लागली. नवखा थेरपिस्ट आधी सगळे विचारून करतो. मग एक टप्पा असा येतो की त्याला कधी स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते, कधी धीर सुटून तो पुन्हा वरिष्ठांकडे धाव घेतो. कॅल स्टोल्टनबर्ग यांच्या विकासात्मक मॉडेलमध्ये हा दुसरा टप्पा सर्वांत अवघड मानला आहे. केस काढून घेतली जाईल या भीतीने गप्प बसणारा हा तरुण त्याच टप्प्यावर होता. त्याला मदत हवी होती आणि मदत घेताना दिसायचे नव्हते. त्याला बेजबाबदार ठरवले असते तर निदान चुकले असते.

व्यवस्थापनाशी झालेले बोलणे

इथपर्यंतचे काम पर्यवेक्षिकेने खोलीच्या आत केले. नेतृत्वाचा भाग खोलीबाहेर होता आणि तो त्यांना जास्त जड गेला. मुदतवाढीची शिफारस आणि पर्यवेक्षण एकाच हातात असेपर्यंत लपवाछपवीला कारण उरणारच होते. त्यांनी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी प्रस्ताव दिला: मुदतवाढीचा निर्णय अधीक्षक आणि प्रशासन यांनी घ्यावा, पर्यवेक्षकाने आधी ठरलेल्या कौशल्यांवर फक्त अहवाल द्यावा, आणि तो वर पाठवण्यापूर्वी संबंधित थेरपिस्टला वाचायला द्यावा. दुसरी मागणी वेळेची होती. प्रत्येकाला दर आठवड्याला तासभर स्वतंत्र पर्यवेक्षण मिळावे आणि तो तास ओपीडीच्या आकड्यातून वगळावा असे त्यांनी लिहिले.

पहिली मागणी फारशी खळखळ न होता मान्य झाली. दुसरीवर प्रशासनाने हिशेब मांडला: चार थेरपिस्टांचे चार तास म्हणजे तितकी सत्रे कमी. पर्यवेक्षिकेने माणुसकीचा मुद्दा न मांडता जबाबदारीचा मांडला, आणि मला तो पटला. नववा प्रश्न फाइलमध्ये दोन वेळा नोंदला गेला होता आणि विभागप्रमुखाला त्याचा पत्ता नव्हता. काही विपरीत घडले असते तर रुग्णालयाने काय उत्तर दिले असते, असे त्यांनी विचारले. हे विचारताना त्यांनी कनिष्ठ थेरपिस्टचे नाव घेतले नाही. शेवटी पंधरा दिवसांतून एकदा स्वतंत्र पर्यवेक्षण आणि आठवड्याला गटबैठक यावर तडजोड झाली. ती पुरेशी नाही, असे मला वाटते. पण पूर्वी स्वतंत्र पर्यवेक्षण शून्य होते.

त्यांनी प्रत्येक सहकाऱ्याबरोबर एक लेखी पर्यवेक्षण-करारही केला. या खोलीतले काय गोपनीय राहील, काय वर सांगावेच लागेल, हे त्यात स्पष्ट आहे. जिवाचा धोका आणि व्यावसायिक नीतीचा भंग या गोष्टी वर जातील. लहान मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती कळवणे बंधनकारक आहे, तिथे कोणाच्याही विवेकाला वाव नाही. थेरपिस्टच्या स्वतःच्या भावना, शंका, अडखळणे हे सारे खोलीतच राहील. प्रत्येक भेटीची पहिली दहा मिनिटे धोक्याच्या केसेससाठी राखून ठेवली आहेत, आणि एखाद्या क्लायंटचा धोका वाढल्याचे सांगितले म्हणून केस काढून घेतली जाणार नाही, असे एक वाक्य करारात आहे. ते वाक्य कनिष्ठ थेरपिस्टने सुचवले.

आजची स्थिती

क्लायंट अजून येतो. भावाने बागेचा अर्धा भाग काढून तिथे भाजीपाला केला, उरलेली बाग क्लायंट सांभाळतो. नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्यावर आले, एकदा पुन्हा एकवर गेले, आणि त्या वेळी ते पर्यवेक्षिकेला त्याच दिवशी समजले. कनिष्ठ थेरपिस्टची मुदतवाढ झाली. तो स्वतःच्या थेरपीला जातो की नाही, हे पर्यवेक्षिकेने विचारलेले नाही, आणि विचारू नये हेच योग्य आहे.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. विभागात पर्यवेक्षिकेच्याच वयाची, त्यांच्याइतक्याच अनुभवाची एक सहकारी आहे, जिला हे पद मिळण्याची आशा होती. गटबैठकीत ती नेहमी पूर्ण झालेल्या, यशस्वी केसेस मांडते. नवख्याच्या भीतीवर जे उपाय चालले ते इथे चालणार नाहीत, कारण तिला नोकरीची चिंता नाही आणि शिकवण्याजोगे तर पर्यवेक्षिकेकडे तिच्यासाठी फारसे काही नाही. आमच्या शेवटच्या दोन भेटी याच विषयावर गेल्या. तिला अडलेली केस आणायला सांगण्याआधी स्वतःची अडलेली केस गटापुढे ठेवावी, आणि तीवर त्या सहकारीचे मत सर्वांसमक्ष मागावे, असे पर्यवेक्षिकेने ठरवले आहे. त्यासाठी आपल्या एका क्लायंटच्या सत्राचे ध्वनिमुद्रण वापरण्याची लेखी संमती त्यांनी मिळवली आहे. कोणता भाग ऐकवायचा, हे आम्ही पुढच्या भेटीत मिळून ठरवणार आहोत.